क्रीम: २८ महिन्यांचा बँड आणि त्याचा वारसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

साठच्या दशकातल्या रॉकचा विषय निघाला की क्रीमबद्दल ठरावीक प्रश्न हमखास येतात. काही नुकतंच ऐकायला लागलेल्यांचे, काही वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यांचे. सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत असा क्रम लावला आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्रीम म्हणजे नेमके कोण? हा बँड कधी होता?

लंडनमधला तिघांचा बँड. गिटारवर एरिक क्लॅप्टन, ड्रमवर जिंजर बेकर, आणि बेस गिटार, हार्मोनिका व बहुतेक गाण्यांचा मुख्य आवाज जॅक ब्रूसचा. पहिला कार्यक्रम जुलै १९६६ मध्ये झाला, निरोपाचा नोव्हेंबर १९६८ मध्ये. सुरुवातीला क्लॅप्टन २१ वर्षांचा, ब्रूस २३ चा आणि बेकर २६ चा होता. आपापल्या वाद्यावर तिघंही तेव्हाच्या लंडनमधले अव्वल वादक समजले जात. बँडचं नावही त्याच आत्मविश्वासातून आलं.

२. ब्लूज-रॉक म्हणजे काय? नुसतं ब्लूज का म्हणत नाहीत?

ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं संगीत. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांच्या परिसरात ते वाढलं आणि स्थलांतरितांबरोबर शिकागोत जाऊन विजेच्या गिटारवर आलं. त्याचा सर्वांत परिचित साचा १२ मात्रागटांचा आणि तीन कॉर्डांचा (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे सूर). पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या तरुणांनी या संगीताच्या तबकड्या मिळवून अक्षरशः घोटल्या. लंडनमध्ये अलेक्सिस कॉर्नरच्या 'ब्लूज इन्कॉर्पोरेटेड'सारख्या बँडमध्ये ही मुलं एकत्र आली. ब्रूस तिथे बेस वाजवायचा. ड्रमवर आधी चार्ली वॉट्स होता. त्याच्या जागी बेकर आला आणि वॉट्स पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेला.

या मुलांनी तोच साचा प्रचंड मोठ्या आवाजात, अधिक वेगानं, लांबलचक गिटारवादनासह वाजवायला घेतला, तेव्हा त्याला ब्लूज-रॉक म्हणू लागले. क्रीमचं वेगळेपण असं की त्यातले दोघं मुळात जॅझवाले होते. ब्रूस तर ग्लासगोच्या संगीत अकादमीत चेलो शिकलेला.

३. बेकर आणि ब्रूस यांचं हाडवैर होतं म्हणतात. मग ते एका बँडमध्ये आले कसे?

वैर खरं होतं आणि क्रीमच्या आधीचं होतं. दोघंही ग्रॅहम बाँड ऑर्गनायझेशन या बँडमध्ये होते. ब्रूस बेसवर फार सूर वाजवतो, आपल्या ड्रमच्या मध्ये येतो, ही बेकरची तक्रार. बेसनं नुसता पाया धरून बसावं हे ब्रूसला मुळीच मान्य नव्हतं. प्रकरण मंचावर हातघाईपर्यंत गेलं. बेकरनं ब्रूसला बँडमधून काढलं, तरी तो कार्यक्रमांना येतच राहिला. शेवटी बेकरनं चाकू दाखवून त्याला घालवलं, असं दोघांच्याही आठवणींत येतं.

मग १९६६ मध्ये बेकर क्लॅप्टनला ऐकायला ऑक्सफर्डला गेला. क्लॅप्टन तेव्हा जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समध्ये होता. यार्डबर्ड्स फारच पॉपकडे झुकले म्हणून तो बँड त्यानं १९६५ मध्ये सोडला होता, आणि लंडनच्या भिंतींवर 'क्लॅप्टन देव आहे' असं लिहिलं जात होतं. परतताना बेकरनं त्याला आपल्या रोव्हर गाडीतून आणलं आणि वाटेत नवा बँड काढायचं सुचवलं. क्लॅप्टन तयार झाला, पण एका अटीवर: बेसला जॅक ब्रूस हवा. थोड्या काळासाठी ब्रूस मेयॉलकडे त्याच्यासोबत वाजवून गेला होता आणि क्लॅप्टनच्या कानात तो बसला होता. हे ऐकून बेकरच्या हातून गाडी जवळजवळ आपटली, असं क्लॅप्टन सांगतो. तरीही बेकर स्वतः ब्रूसच्या घरी गेला आणि समेट झाला.

मला या प्रसंगात क्रीमची सगळी गोष्ट दिसते. क्लॅप्टनला दबून वाजवणारा बेसवादक नको होता. जो कुणाचंच ऐकणार नाही तोच हवा होता.

४. पहिला कार्यक्रम कुठे झाला: मँचेस्टर की विंडसर?

दोन्ही उत्तरं बरोबर. २९ जुलै १९६६ ला मँचेस्टरच्या 'ट्विस्टेड व्हील' क्लबमध्ये गाजावाजा न करता तालमीवजा कार्यक्रम झाला. ३१ जुलैला विंडसरच्या जॅझ आणि ब्लूज महोत्सवात बँड अधिकृतपणे लोकांसमोर आला. हातात तेव्हा मोजकीच गाणी होती, त्यामुळे आहेत तीच ताणून वाजवणं भाग पडलं. पुढे जी त्यांची ओळख झाली, तिची सुरुवात अशी अडचणीतून झाली (प्रश्न ९).

५. जिमी हेंड्रिक्स क्रीमच्या कार्यक्रमात घुसला होता, हे खरं का?

घुसला नाही, परवानगी घेऊन मंचावर आला. १ ऑक्टोबर १९६६, लंडनचं रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निक. अमेरिकन गिटारवादक हेंड्रिक्सला लंडनमध्ये येऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्यानं हाउलिन वुल्फचं 'किलिंग फ्लोर' असं काही वाजवलं, की क्लॅप्टनचे हात थांबले आणि तो मंचावरून आत निघून गेला. यात असूयेपेक्षा धक्का जास्त होता. पुढे दोघं चांगले मित्र झाले, आणि क्रीमच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचं बीजही हेंड्रिक्सच्याच कार्यक्रमात पडलं (प्रश्न ७).

६. अल्बम किती? कुठून ऐकायला सुरुवात करावी?

चार. 'फ्रेश क्रीम' (डिसेंबर १९६६), 'डिझरेली गिअर्स' (नोव्हेंबर १९६७), 'व्हील्स ऑफ फायर' (१९६८, दोन तबकड्यांचा) आणि 'गुडबाय' (१९६९, बँड फुटल्यानंतर आलेला). पुढची थेट ध्वनिमुद्रणं आणि संग्रह वेगळे.

नवख्यांनी 'डिझरेली गिअर्स'पासून सुरुवात करावी. मे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटलांटिक स्टुडिओत तो मोजक्या दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. निर्माता फेलिक्स पॅपालार्डी, ध्वनिमुद्रक टॉम डाउड. गाणी आटोपशीर आहेत, तीन-चार मिनिटांची, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. शीर्षक सायकलच्या गिअरचं नाव चुकीचं उच्चारणाऱ्या एका मदतनिसाच्या तोंडून आलं. भडक गुलाबी-नारिंगी मुखपृष्ठ मार्टिन शार्पचं. 'टेल्स ऑफ ब्रेव्ह युलिसिस'चे शब्दही त्याचेच, आणि त्या गाण्यात क्लॅप्टन वा-वा पेडल (गिटारच्या सुराला 'वा-वा' असा रंग देणारं, पायानं चालवायचं उपकरण) वापरतो.

त्यानंतर लगेच 'व्हील्स ऑफ फायर'ची दुसरी, थेट कार्यक्रमाची तबकडी ऐका. आधीच्या अल्बममधली ही तीच माणसं आहेत यावर विश्वास बसणार नाही, आणि क्रीम समजायला हा धक्का बसणं आवश्यक आहे.

७. 'सनशाइन ऑफ युवर लव्ह' कुणाचं? तो सुप्रसिद्ध रिफ कुणी काढला?

रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, ब्रूसचा. २९ जानेवारी १९६७ ला लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये हेंड्रिक्सला ऐकून तो घरी आला आणि बेसवर हा रिफ त्याच्या हातात आला. शब्द गीतकार पीट ब्राउनचे. रात्रभर दोघं बसले होते, पहाट व्हायला आली, खिडकीबाहेर उजाडताना दिसलं आणि पहिल्या ओळी सुचल्या. ध्रुवपदाचा भाग क्लॅप्टनचा. त्यामुळे श्रेय तिघांना: ब्रूस, ब्राउन, क्लॅप्टन.

ठेक्यावरून मात्र वाद राहिला. नेहमीच्या रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असतो. इथे बेकर पहिल्या आणि तिसऱ्यावर जोर देतो, आणि त्यामुळे गाणं जमिनीला धरून चालल्यासारखं वाटतं. ही कल्पना आपण सुचवली असं टॉम डाउड सांगत असे. बेकरनं ते कधीही मान्य केलं नाही. क्लॅप्टनच्या सोलोची (एकट्याच्या गिटारवादनाची) सुरुवात नीट ऐका. 'ब्लू मून' या जुन्या गाण्याची चाल तिथे सरळसरळ येते.

गाणं १९६८ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. अ‍ॅटलांटिक कंपनीच्या मंडळींना मात्र आधी ते पसंत नव्हतं. त्यांच्या मते हा क्लॅप्टनचा बँड होता आणि त्यानंच पुढे उभं राहून गायला हवं होतं.

८. क्रीमनं कृष्णवर्णीय कलावंतांची गाणी उचलली, असं म्हणतात. त्यात तथ्य किती?

गाणी घेतली, हे शंभर टक्के खरं. 'स्पूनफुल' विली डिक्सनचं, हाउलिन वुल्फनं गायलेलं. 'क्रॉसरोड्स' रॉबर्ट जॉन्सनचं, 'आय अ‍ॅम सो ग्लॅड' स्किप जेम्सचं. 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' बुकर टी. जोन्स आणि विल्यम बेल यांनी लिहिलेलं, अल्बर्ट किंगनं गाजवलेलं. 'सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड' हे मिसिसिपी शीक्सचं १९३० चं. क्रीमच्या मैफिलींचा कणा हाच.

मात्र त्या काळात कित्येक रॉक बँडनी मूळ कवी-गायकांची नावं गाळून स्वतःची नावं छापली, आणि त्यावरून पुढे कोर्टकज्जेही झाले. क्रीमनं 'आय अ‍ॅम सो ग्लॅड'वर स्किप जेम्सचं नाव लावलं, आणि त्याचे पैसे त्याच्यापर्यंत पोहोचले. या एका नावामागे काय होतं ते पाहा. जेम्सनं हे गाणं १९३१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला ध्वनिमुद्रित केलं. ते महामंदीचे दिवस होते, तबकड्या खपल्या नाहीत, आणि तो ३० हून अधिक वर्षं विस्मरणात गेला. १९६४ मध्ये काही तरुण ब्लूजवेड्यांनी त्याला मिसिसिपीतल्या एका इस्पितळात शोधून काढलं. तो पुन्हा मंचावर आला, पण कर्करोग झालेलाच होता. क्रीमच्या अल्बमचं मानधन त्याच्या औषधपाण्याला उपयोगी पडलं. १९६९ मध्ये तो गेला. त्याचं मूळ ध्वनिमुद्रण जरूर ऐका. बोटं किती चपळ आणि आवाज किती एकाकी! क्रीमच्या आवृत्तीत तो एकाकीपणा नाही, आणि हे मी त्यांच्यावर प्रेम असूनही म्हणतो.

या प्रश्नाची दुसरी बाजूही सांगायला हवी. क्रीम फुटल्यावर आठ वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, क्लॅप्टननं बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध अत्यंत वर्णद्वेषी बडबड केली. त्यातूनच ब्रिटनमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. त्यानं पुढे शरम वाटते असं सांगितलं. कृष्णवर्णीयांच्या संगीतावर ज्याचं आयुष्य उभं राहिलं त्यानं असं बोलावं, याचा राग येणं रास्त आहे, आणि कौतुकाच्या भरात हे झाकून ठेवू नये.

९. मैफिलीत चार मिनिटांचं गाणं १६ मिनिटांचं का व्हायचं?

सुरुवातीला गाणी कमी होती म्हणून (प्रश्न ४). पण खरं वळण ऑगस्ट १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात आलं. तिथले आयोजक बिल ग्रॅहम यांनी त्यांना हवं तितकं वाजवायची मोकळीक दिली. समोरचा प्रेक्षक नाचायला आलेला नव्हता. तो खाली बसून ऐकत होता. क्रीमला असा श्रोता पहिल्यांदाच मिळाला.

ते करत काय? गाण्याचं तोंड एकदा-दोनदा म्हणायचे, मग तिघंही ते सोडून द्यायचे. 'स्पूनफुल' तर जवळजवळ एकाच सुरावर उभं आहे. त्यावर दहा-बारा मिनिटं तिघांचं बोलणं चालायचं आणि शेवटी पुन्हा तोंड. आपल्याकडचे श्रोते याला जुगलबंदी म्हणतात, तिथे मला थोडं अडायला होतं. जुगलबंदीत तबला ठेका धरतो, म्हणून बाकीचे निर्धास्तपणे फिरून समेवर येतात. क्रीममध्ये ठेका धरून बसणारं कुणीच नव्हतं. बेकर ड्रमवर सतत काहीतरी सांगत असायचा, ब्रूसचा बेस गिटारच्या खाली न राहता शेजारून धावायचा. गिटार थांबली तर उरलेलं संगीत रिकामं वाटत नाही. रॉकमध्ये हे तोवर झालेलं नव्हतं. जॅझमध्ये होतं. आम्ही खरं तर ऑर्नेट कोलमनसारखा जॅझ बँड होतो, फक्त एरिकला ते सांगितलं नव्हतं, असं ब्रूस पुढे म्हणायचा.

सगळ्या लांब मैफिली उत्तम होत्या असं नाही. एखाद्या रात्री तिघं एकमेकांना ऐकत, आणि मग जे घडे ते थरारक असे. एखाद्या रात्री नुसतेच वाजवत राहात. बँड का फुटला, त्याचं निम्मं उत्तर यातच आहे (प्रश्न १२).

१०. 'व्हील्स ऑफ फायर'वर 'लाइव्ह अ‍ॅट द फिलमोर' छापलं आहे, मग काही जण विंटरलँड का म्हणतात?

कारण छापलेलं पुरतं बरोबर नाही. त्या तबकडीवरच्या चार तुकड्यांपैकी फक्त 'टोड', म्हणजे बेकरचा दीर्घ ड्रम सोलो, फिलमोरमधला आहे. 'क्रॉसरोड्स', 'स्पूनफुल' आणि 'ट्रेनटाइम' हे तिन्ही मार्च १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्याच विंटरलँड सभागृहात ध्वनिमुद्रित झाले.

असाच घोळ 'फ्रेश क्रीम'चा होतो. ब्रिटिश आवृत्तीत 'आय फील फ्री' नव्हतं, कारण ते सुटं गाणं म्हणून वेगळं निघालं होतं. अमेरिकन आवृत्तीची सुरुवातच त्यानं होते, पण तिथे 'स्पूनफुल' गाळलं होतं. जुनी तबकडी विकत घेताना आवृत्ती पाहून घ्या.

११. 'क्रॉसरोड्स'ला सर्वोत्तम थेट गिटारवादन म्हणतात, पण क्लॅप्टनला स्वतःला ते आवडत नाही. असं कसं?

त्याच्या मते सोलोच्या मध्यावर मात्रा घसरली आहे आणि तिघं वेगवेगळ्या ठिकाणी सम धरून वाजवत आहेत. वादक म्हणून त्याला ते खुपतं. श्रोता म्हणून मला ती ओढाताणच हवीहवीशी वाटते. चार मिनिटांच्या या तुकड्यात पडता पडता सावरल्याचा जो आवेग आहे, तो मोजून-मापून आला नसता.

शब्दांबद्दलही विचारणा होते. रॉबर्ट जॉन्सननं नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओत गायलेल्या गाण्यात रोझडेल गावाचा उल्लेख असलेलं कडवं नाही. ते जॉन्सनच्याच 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज'मधलं आहे. क्लॅप्टननं दोन्ही जोडली.

१२. यशाच्या शिखरावर असताना बँड का मोडला?

'व्हील्स ऑफ फायर' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्याच उन्हाळ्यात, जुलै १९६८ मध्ये, तिघं वेगळे होणार हे जाहीर झालं. कारणं अनेक आणि एकमेकांत अडकलेली.

पहिलं, ब्रूस-बेकरचं जुनं वैर (प्रश्न ३). अमेरिकेच्या महिनोन्महिन्यांच्या दौऱ्यांत ते पुन्हा उफाळलं आणि मध्यस्थी करून करून क्लॅप्टन थकला. दुसरं, आवाज. मार्शल कंपनीचे माणसापेक्षा उंच अ‍ॅम्प्लिफायर एकावर एक रचले जात. ब्रूस आवाज वाढवी, मग क्लॅप्टन वाढवी, आणि विजेशिवाय वाजणाऱ्या ड्रमवर बेकरला जिवाच्या आकांतानं हाणावं लागे. आपलं ऐकणं तेव्हाच बिघडलं, असं बेकर शेवटपर्यंत सांगत राहिला. एका कार्यक्रमात क्लॅप्टननं वाजवणं थांबवून पाहिलं, तर उरलेल्या दोघांना पत्ताही लागला नाही. हा त्यानंच सांगितलेला किस्सा आहे. एकमेकांना ऐकण्यावर उभं राहिलेलं संगीत एकमेकांचं ऐकूच येईनासं झाल्यावर टिकणार कसं?

तिसरं, 'रोलिंग स्टोन' मासिकात जॉन लँडाऊनं १९६८ मध्ये लिहिलेली समीक्षा. क्लॅप्टन ब्लूजमधल्या ठरीव वाक्यांचा उस्ताद आहे, असा तिचा आशय होता. ते वाचून आपल्याला चक्कर आली, असं क्लॅप्टननं सांगितलं आहे. त्याच सुमाराला 'द बँड' याच नावाच्या एका बँडचा पहिला अल्बम त्याच्या हाती पडला. त्यात शांत, एकमेकांना जागा देणारी गाणी होती. आपण भलत्याच वाटेला लागलो, असं त्याला वाटू लागलं.

आणि पैसा. गाण्यांचं लेखन बहुतांशी ब्रूस आणि पीट ब्राउन यांच्या नावावर, त्यामुळे त्यांना जास्त मिळे. 'व्हाइट रूम' या गाण्याच्या सुरुवातीचा पाच मात्रांचा तुकडा आपला, तरी श्रेय नाही, ही बेकरची तक्रार ४० वर्षांनंतरही तितकीच ताजी होती.

माझं मत असं: हा बँड लवकर मोडला ही दुर्दैवी घटना नव्हती. ज्या हट्टी बरोबरीतून ते संगीत निघालं, तिच्यात पाच-दहा वर्षं टिकण्याची सोयच नव्हती. एकानं माघार घेतली असती तर बँड टिकला असता, पण तो क्रीम राहिला नसता.

१३. निरोपाचा कार्यक्रम कसा झाला?

२६ नोव्हेंबर १९६८ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम. त्यांच्या आधी वाजवणाऱ्यांत रॉरी गॅलॅघरचा 'टेस्ट' आणि नवखा 'येस' हे बँड होते. टोनी पामरनं बीबीसीसाठी चित्रीकरण केलं. लोकांचा जल्लोष अफाट, पण त्या रात्रीचं वादन त्यांच्या सर्वोत्तमांत मोडत नाही. विंटरलँडच्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहा.

१४. 'बॅज'मध्ये गिटार वाजवणारा 'लाँजेलो मिस्तेरिओसो' कोण?

जॉर्ज हॅरिसन. कंत्राटाच्या अडचणीमुळे बीटल्सच्या सदस्याचं नाव छापता येत नव्हतं, म्हणून हे टोपणनाव. 'बॅज' त्यानं आणि क्लॅप्टननं मिळून लिहिलं. ते 'गुडबाय'मध्ये आहे.

१५. पुढे तिघांनी काय केलं? 'ब्लाइंड फेथ'ला क्रीमच मानायचं का?

नाही. १९६९ च्या 'ब्लाइंड फेथ'मध्ये क्लॅप्टन आणि बेकर होते, पण मुख्य आवाज स्टीव्ह विनवुडचा आणि बेसवर रिक ग्रेच. ब्रूस नव्हता, आणि त्याच्याशिवाय क्रीम नाही. तो बँड एका अल्बमपुरताच टिकला. क्लॅप्टनचं पुढचं आयुष्य सर्वांना ठाऊक आहे.

बेकर आफ्रिकन तालांच्या ओढीनं नायजेरियात गेला. सहारा वाळवंट गाडीनं ओलांडून लागोसला पोहोचला, फेला कुटीबरोबर वाजवलं आणि तिथे स्टुडिओही उभारला. ब्रूसनं १९६९ मध्ये 'साँग्ज फॉर अ टेलर' काढला. माझ्या मते तिघांच्या एकल कामातला हा सर्वांत सुंदर अल्बम, आणि सर्वांत कमी ऐकला गेलेला.

१६. ते पुन्हा कधी एकत्र वाजवले?

जाहीरपणे दोनदा. १२ जानेवारी १९९३ ला लॉस एंजेलिसमध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या सोहळ्यात तीन गाणी. मग मे २००५ मध्ये २, ३, ५ आणि ६ तारखेला त्याच अल्बर्ट हॉलमध्ये चार मैफिली, आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला तीन. ब्रूसचं यकृत प्रत्यारोपण होऊन दोनच वर्षं झाली होती, बेकरला संधिवात होता. लंडनमध्ये आवाज माफक ठेवला आणि तिघं पुन्हा एकमेकांना ऐकू लागले. न्यूयॉर्कमध्ये जुने वाद पुन्हा वर आले. त्यानंतर ते एकत्र आले नाहीत.

१९९४ मध्ये ब्रूस, बेकर आणि गॅरी मूर यांनी 'बीबीएम' नावानं एक अल्बम काढला. बाज क्रीमचाच, पण त्याला पुनर्मीलन म्हणता येणार नाही.

१७. तिघांचा बँड, म्हणजे पॉवर ट्रायो, ही कल्पना क्रीमचीच का?

नाही. तीनच वाद्यांचे रॉक बँड इंग्लंडमध्ये आधीही होते, उदाहरणार्थ लिव्हरपूलचा 'द बिग थ्री'. आणि क्लॅप्टनची प्रेरणा थेट शिकागोची होती. १९६५ मध्ये लंडनला शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय फक्त बेस आणि ड्रम सोबत घेऊन वाजवताना त्यानं पाहिला आणि त्याच्या डोक्यात हे बसलं. तोच बडी गाय २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात वाजवून गेला. म्हणजे क्रीमच्या कल्पनेचं मूळ मुंबईकरांनी प्रत्यक्ष ऐकलेलं आहे.

क्रीमनं केलं ते असं: तिघांत भागवायचं आहे म्हणून कुणी गिटारचा साथीदार झालं नाही. त्यांच्यानंतर हेंड्रिक्सचा 'एक्सपिरियन्स', मग ग्रँड फंक रेलरोड, झी झी टॉप, रश अशी रांग लागली. हेंड्रिक्सनं तर ४ जानेवारी १९६९ ला बीबीसीवर लुलूच्या थेट कार्यक्रमात आपलं 'हे जो' मध्येच थांबवलं आणि नुकत्याच फुटलेल्या क्रीमला मानवंदना म्हणून 'सनशाइन ऑफ युवर लव्ह' वाजवलं, वेळ संपेपर्यंत.

१८. हेवी मेटलचे जनक क्रीमच का?

रिफवर गाणं उभारणं, प्रचंड आवाज, लांब ड्रम सोलो हे घटक त्यांच्याकडून पुढे गेले. ब्लॅक सॅबाथच्या मंडळींनी त्यांचं ऋण मान्य केलं आहे. बेकरला मात्र हे पितृत्व अजिबात नको होतं. मी जॅझ वाजवतो, असं तो ठणकावून सांगे. त्याचं म्हणणं गंभीरपणे घ्यावं. क्रीमच्या अनुकरणात आवाज आणि लांबी सगळ्यांनी उचलली. एकमेकांना उत्तर देत वाजवणं फार थोड्यांना जमलं, आणि सत्तरच्या दशकातल्या कित्येक कंटाळवाण्या २० मिनिटांच्या सोलोंचं कारण तेच आहे.

१९. क्रीमचा भारतीय संगीताशी काही संबंध आहे का?

थेट नाही, पण एक धागा पक्का आहे. १९६३ मध्ये ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये ब्रूस आणि बेकर यांच्याबरोबर गिटारवर जॉन मॅक्लाफ्लिन होता. ऑगस्ट १९६८ मध्ये, क्रीम अजून चालू असतानाच, ब्रूसनं त्याला घेऊन एक जॅझ अल्बम ध्वनिमुद्रित केला. याच मॅक्लाफ्लिननं सत्तरच्या दशकात मुंबईचे उस्ताद झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत 'शक्ती' उभारला. पुढे त्यात शंकर महादेवनही आले.

२०. तिघांपैकी आज कोण हयात आहे?

फक्त क्लॅप्टन. ब्रूस २५ ऑक्टोबर २०१४ ला गेला, बेकर ६ ऑक्टोबर २०१९ ला. निर्माता पॅपालार्डी १९८३ मध्ये आणि गीतकार पीट ब्राउन मे २०२३ मध्ये वारला.

२१. मला गिटारशिवाय काही ऐकूच येत नाही. ब्रूस ऐकायचा कसा?

मोबाइलच्या स्पीकरवर बेस येत नाही, हे पहिलं कारण. हेडफोन लावा. आधी 'व्हाइट रूम' ऐका. तिथे आवाजही ब्रूसचाच आहे, त्यामुळे गाताना त्याची बोटं काय करतात हे पकडता येतं. मग विंटरलँडचं 'क्रॉसरोड्स' लावा आणि दुसरा सोलो सुरू झाला की गिटारवरचं लक्ष मुद्दाम काढून घ्या. खाली जी सतत पळणारी दुसरी चाल सापडेल ती ब्रूसची. ती एकदा कानात बसली की तोच तुकडा पुन्हा लावा आणि या वेळी फक्त बेकरचे दोन बास ड्रम ऐका. शेवटी 'स्पूनफुल' सलग ऐका, मध्ये न थांबता.